भिंतीतल्या तारेचं म्हणणं



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्यांचं नाव माझ्यामागच्या पडद्यावर लिहिलेलं आहे. मी ते उच्चारणार नाही, कारण इतक्या वर्षांच्या ओळखीत ते माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. आयटीआयच्या वायरमन ट्रेडला ते शिकवायचे आणि आम्हा सगळ्यांचे ते मास्तर होते. मास्तरांना व्याख्यानांचं वावडं होतं. कुणी फार बोलायला लागलं की म्हणायचे, "बोलू नकोस, उघडून दाखव." त्याच मास्तरांच्या स्मृतीसाठी आज मी पाऊण तास नुसता बोलणार आहे. त्यांनी मला माफ करावं, आणि तुम्हीही.

आधी एक कबुली. मघाशी कार्यकर्ते पुष्पगुच्छ घेऊन मला शोधत होते, तेव्हा मी या रंगमंचाच्या मागे होतो. तिथे जमिनीवर एक एक्स्टेंशन बोर्ड आहे. त्यात ध्वनिक्षेपकाची पिन होती, दोन हॅलोजनच्या पिना होत्या, आणि चौथ्या जागी तुमच्या चहासाठी पाणी उकळणारी विजेची मोठी किटली. मी त्याकडे बघत उभा राहिलो, तर एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "काळजी करू नका सर, दरवर्षी असंच लावतो."

दरवर्षी असंच लावतो! माझं आजचं सगळं व्याख्यान या तीन शब्दांवर आहे. त्या किटलीचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगतो.

पहिला मुद्दा सॉकेटवर लिहिलेल्या आकड्याचा. आपल्या घरात दोन मापांची सॉकेट असतात, लहान भोकांचं आणि मोठ्या भोकांचं. लहानावर ६ अँपिअर लिहिलेलं असतं, मोठ्यावर १६. जुन्या घरात ५ आणि १५ दिसतील. म्हणून तर आजही आपण दुकानात जाऊन 'पंधराचा प्लग द्या' म्हणतो आणि दुकानदार मुकाट्याने सोळाचा काढून देतो. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण सॉकेटवर लिहिलेलं असतं अँपिअरमध्ये आणि उपकरणावर लिहिलेलं असतं वॅटमध्ये. एक मराठी बोलतो, दुसरा कानडी. यांची गाठ कशी घालायची?

मधला दुभाषा म्हणजे व्होल्ट. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टने. अँपिअरला २३० ने गुणलं की वॅट मिळतात. सहा गुणिले २३० म्हणजे १३८०. सोळा गुणिले २३० म्हणजे ३६८०. लहान सॉकेट १३८० वॅटचं, मोठं ३६८० वॅटचं. गाडीचा नंबर आपल्याला पाठ असतो, गॅसचा ग्राहक क्रमांक पाठ असतो. हे दोन आकडेही पाठ करून टाका.

आता उपकरणांकडे बघू. एलईडीचा दिवा ९ वॅट. छताचा साधा पंखा ७५. फ्रिज एवढा कपाटाएवढा, पण त्याचं काम दोनेकशे वॅटमध्ये भागतं. मिक्सर ५०० ते ७५०. आणि इस्त्री? १००० वॅट. एका हातात मावणारी किटली? १५००. इंडक्शनची शेगडी २०००. गीझर २०००, आणि नळाला लावायचा झटपट गीझर ३०००. म्हणजे आकारावर जाऊ नका. मास्तरांचं एक सूत्र होतं: जे तापवतं, ते खातं. फिरवणारी यंत्रं थोडक्यात भागवतात, उजेड देणारी त्याहून थोडक्यात. ज्याच्यात तापणारी कॉइल आहे, ते खादाड. बादलीत सोडायचा हीटर दिसायला काठीएवढा, पण १५०० वॅट मागतो. त्याला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणजे सहाच्या सॉकेटमध्ये तो बसतच नाही. बसवला जातो, ही गोष्ट वेगळी.

कसा बसवला जातो, हे तुम्हाला माहीत आहे. जाड पिना बारीक भोकात जात नाहीत, म्हणून आपण कन्व्हर्टर आणतो. पिना जाड ठेवण्यामागे कुणाचं तरी डोकं होतं. हा प्लग इथे जाऊ नये, यासाठीच तर तो जाऊ न शकणारा केलेला आहे! त्या शहाणपणाला आपण थोडक्या पैशांत वळसा घालतो. आणि कन्व्हर्टर नसेल तर? वायरची टोकं सोलायची, भोकात सरकवायची आणि वरून आगकाड्या खोचायच्या. हसू नका. या सभागृहात असा एक तरी माणूस आहे ज्याने हे केलंय. मी तर केलंच आहे. आगकाडीच का खोचायची, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नव्हता.

दुसरा मुद्दा. तुम्ही म्हणाल, सहाचं सॉकेट आहे, आपण सात-आठ ओढले तर लगेच काय आभाळ कोसळतं? नाही कोसळत. आणि तीच तर अडचण आहे.

आमच्या भागात वडाप चालायचं. जीप नऊ माणसांची, बसायची अठरा. दोन टपावर, दोन मागच्या पायरीवर लटकलेली, ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. गाडी चालायची की नाही? रोज चालायची. बाजाराच्या दिवशी तर हमखास चालायची. म्हणून ती अठरा माणसांची झाली का? स्प्रिंगचं पान कधी तरी घाटातच तुटायचं, आणि तुटल्यावर लोक म्हणायचे, काल तर व्यवस्थित चालत होती.

तारेचं तसंच आहे, फक्त तिचं गणित वडापपेक्षा क्रूर आहे. १८४० च्या सुमारास जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वर्गाच्या! प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट. सहा अँपिअरच्या एका एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री आणि किटली एकदम लावलीत, तर अडीच हजार वॅट झाले, म्हणजे जवळजवळ अकरा अँपिअर. ओझं दुपटीहून कमी, पण उष्णता तिपटीहून जास्त. आणि तारेवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कामासाठी केलेलं असतं. त्याच्या वर ते एका दिवसात जळत नाही. ते म्हातारं होतं. कडक होतं, तडकतं, रंग बदलतं. माणसाचं वय दरवर्षी एकाने वाढतं, या आवरणाचं वय तुमच्या किटलीच्या हिशेबाने वाढतं.

तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. सॉकेटवर १६ लिहिलंय, म्हणजे तिथून १६ घेता येतात का?

याचं उत्तर मास्तरांनी मला माझ्याच घरात दिलं. नवीन फ्लॅट घेतला होता. फरशी चकचकीत, स्विचबोर्ड पांढरेशुभ्र. मास्तर चहाला आले, हात धुवायला आत गेले आणि तिथूनच हाक मारली, "गीझर किती वॅटचा रे?" मी म्हटलं, तीन हजार. म्हणाले, "बंद कर. प्लग काढ. वास येतोय." मला तर काहीच वास येत नव्हता. प्लग काढला. तीन पिनांपैकी दोन पितळेच्या रंगाच्या होत्या, तिसरी चहाच्या रंगाची, बुडाशी काळी. तिच्याभोवतीचं प्लास्टिक मेणासारखं थोडं बसलेलं. मास्तरांनी आधी मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली आणि बोर्डाचे दोन स्क्रू काढून सॉकेट भिंतीतून बाहेर ओढलं. मागे तार होती. तिचं टोक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बोर्डावर १६ लिहिलेलं, आणि मागे तार दीड एमएमची. तीही पूर्ण नाही. भोकात सगळ्या तारा एकदम जाईनात म्हणून बसवणाऱ्याने चार-पाच काड्या कापून टाकलेल्या, उरलेल्या स्क्रूखाली दाबलेल्या, आणि स्क्रू सैल.

मास्तर एवढंच म्हणाले, "पाटी सोळाची, माणूस आठचा."

आपण 'दीड एमएम', 'अडीच एमएम' म्हणतो ते खरं तर चौरस मिलिमीटर. तार कापली तर जे तोंड दिसतं, त्याचं क्षेत्रफळ. दिवे-पंख्यांना दीड, सोळाच्या सॉकेटला अडीच, मोठ्या गीझरला किंवा एसीला चार, अशी आपल्याकडची पद्धत. वायरिंगच्या मानकांत आणखी एक दंडक आहे: दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. पॉवरच्या एका सर्किटवर मोठी सॉकेट दोनच. आता आपापली स्वयंपाकघरं आठवा. ओट्यावर पांढरी सॉकेट ओळीने चार. प्रत्येकावर १६. चारांच्या मागे तार किती? बहुतेक ठिकाणी एक. चार नळ दिसतात, पाइप एकच.

घरातली वीज ही एक साखळी आहे. रस्त्यावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, एमसीबी, भिंतीतली तार, बटण, सॉकेट, प्लग, उपकरणाची दोरी. या साखळीची ताकद तिच्यातल्या सगळ्यात अशक्त कडीएवढी. आणि सगळ्यात अशक्त कडी बहुधा आपल्याला न दिसणारी असते, कारण ती भिंतीत पुरलेली असते. लोक मला वीजबिल दाखवतात. म्हणतात, "साहेब, मंजूर भार पाच किलोवॅट आहे. मग इथे लावायला काय हरकत?" अहो, मंजूर भार हा तुमच्या उंबऱ्यापर्यंतचा करार आहे. उंबऱ्याच्या आत कुठल्या भिंतीतून किती जाईल, हे कंपनीला माहीत नाही. ते फक्त त्या तारेला माहीत आहे.

मग ती तार काही बोलत नाही का? बोलते. तिच्या वतीने बोलायला आपण एक वकील नेमलेला असतो. हा माझा चौथा मुद्दा.

पूर्वी हा वकील म्हणजे फ्यूज. चिनी मातीचा पांढरा किटकॅट, त्यात एक बारीक तार. जास्त प्रवाह गेला की ती तार वितळायची, घर अंधारात. मग वडील मेणबत्ती धरायचे, मुलगा स्टुलावर चढायचा आणि फ्यूजची तार घरात नसायची. मग काय करायचं? जुन्या वायरमधली तांब्याची काडी काढायची. एका काडीने परत उडाला तर दोन पिळून घालायच्या. आणि मग मोठ्या समाधानाने म्हणायचं, "आता उडणार नाही!" खरंच उडायचा नाही. फ्यूज वाचायचा, तार जळायची. वकिलाला गप्प बसवून आपण खटला जिंकला असं समजायचो.

आज किटकॅटच्या जागी एमसीबी आला. ह्यूगो श्टोट्स या जर्मन उद्योजकाचं १९२४ सालचं पेटंट. त्याच्या पोटात दोन पहारेकरी आहेत. एक, दोन धातूंची जोडपट्टी. ती तापली की वाकते आणि बटण पाडते. हिचं काम सावकाश, जादा भारासाठी. दुसरी, एक चुंबकीय कॉइल. शॉर्ट सर्किट झालं की डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका ओढते. आता पहिल्या पहारेकऱ्याचा स्वभाव नीट ऐका. १६ च्या एमसीबीतून १८ अँपिअर तासभर वाहिले तरी तो पडत नाही, तसा त्याला हुकूमच आहे. २३ वाहिले तर मात्र तासाच्या आत पडलाच पाहिजे. तेव्हा एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असं नाही. आणि तो वारंवार पडतो म्हणजे तो खराब आहे, असंही लगेच धरू नका. तो पडतो तेव्हा आपण काय करतो? वायरमनला बोलावतो आणि सांगतो, "जरा मोठा टाका ना." तो १६ काढून ३२ टाकतो. भिंतीतली तार अडीचचीच राहते, जिची झेप पाइपमधून वीसेक अँपिअरची. ३२ च्या एमसीबीला मात्र ४६ अँपिअरपर्यंत तासभर दम धरायची मुभा. या तासाभरात त्या तारेचं काय होतं, ते तुम्हीच ठरवा.

एमसीबी तुमच्या गीझरसाठी नसतो. टीव्हीसाठीही नसतो. तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. म्हणून आधी तार बघायची, मग एमसीबी निवडायचा. उलट क्रमाने केलं की घात.

पण या वकिलालाही न दिसणारी एक गोष्ट आहे. माझ्या घरातला तो सैल स्क्रू. तीन हजारांचा गीझर १३ अँपिअर ओढतो. सैल जोडात समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. तेराचा वर्ग १६९, त्याचं अर्धं साडेचौऱ्याऐंशी. म्हणजे काडेपेटीएवढ्या बंद जागेत साडेचौऱ्याऐंशी वॅटची शेगडी! जुना साठचा बल्ब पेटवून मुठीत धरा, त्याहून जास्त. आणि एमसीबीला काय दिसतं? १३ अँपिअर. नेहमीचेच. त्याच्या दफ्तरी सगळं ठीक. आगकाड्या खोचून धरलेली वायर म्हणजे असाच सैल जोड, आणि शेजारी जळण आपणच रचून दिलेलं.

आणखी एका गोष्टीची गल्लत होते, तीही निस्तरतो. आरसीसीबी, ज्याला अजून बरेच जण ईएलसीबी म्हणतात, तो गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा मेळ घालतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडतो. तो माणसाला वाचवतो, तारेला नाही. एमसीबी तारेला वाचवतो, विजेच्या धक्क्यापासून माणसाला नाही. घरात दोन्ही हवेत, आणि दोघांच्या पाठीशी खरं अर्थिंग हवं. प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड असते ती शोभेला नाही. ती सगळ्यांच्या आधी आत शिरते आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर येते, घरातल्या कर्त्या माणसासारखी.

शेवटचा मुद्दा थोडा इतिहासाचा. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९६० मध्ये राज्याचं वीज मंडळ झालं, १९६२ मध्ये कोयना सुरू झाली, आणि मग गावोगाव 'लाइट आली'. शब्द बघा. आपण 'वीज आली' म्हटलं नाही, 'लाइट आली' म्हटलं. कारण वीज म्हणजे दिवाच होता. चार खोल्यांत साठचे चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ. सगळं मिळून चारशे वॅट, म्हणजे दोन अँपिअरसुद्धा नाहीत. त्या हिशेबाने लाकडी पट्ट्या ठोकल्या गेल्या, कित्येक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा ओढल्या गेल्या. त्यात चूक काहीच नव्हती.

त्याच घरात आज काय आहे? गीझर दोन हजार, इंडक्शन दोन हजार, एसी सोळाशे, ओव्हन बाराशे, वॉशिंग मशीन पाचशे. बेरीज ७३०० वॅट, जवळपास ३२ अँपिअर. घराचं पोट अठरा पट झालं. आपण रंग बदलला, फरशी बदलली, ग्रॅनाइटचा ओटा केला, पांढरे गुळगुळीत स्विच लावले. तार? ती आजोबांच्या वेळची. कारण तार पाहुण्यांना दिसत नाही. फरशीच्या दुकानात आपण तीन रविवार घालवतो आणि वायरमनला म्हणतो, "तुझ्या हिशेबाने कर, पण स्वस्तात कर." तो बिचारा एकदा म्हणून बघतो, "चारची टाकू का?" आपण म्हणतो, "गरज आहे का?" आणि तो गप्प बसतो. पुढची वीस वर्षं त्या गप्प बसण्याच्या आत आपण राहतो.

आता आवरतो. घरी जाऊन काय करायचं, ते चार वाक्यांत. १३८० आणि ३६८० लक्षात ठेवा. तापवणारी वस्तू थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला कधीच नाही, आणि दोन तापवणाऱ्या वस्तू एका बोर्डावर एकदम नाहीत. एमसीबी पडला तर तो मोठा करू नका, भार कमी करा, आणि तरीही पडत राहिला तर जाणत्या वायरमनकडून तार तपासून घ्या. करपट वास, चॉकलेटी डाग, बटणाजवळ चरचर, गीझर लावला की दिवा मंद होणं, या तारेच्या तक्रारी आहेत, त्यांना उत्तर द्या.

आणि पाचवं, मास्तरांचं. गीझर पंधरा मिनिटं चालला की ते बटण बंद करायचे आणि प्लगच्या पाठीला पालथा हात लावायचे, आई तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावते तसा. कोमट लागला तर ठीक. हात काढून घ्यावासा वाटला तर त्या दिवशी पुन्हा गीझर नाही. यासाठी पदवी लागत नाही, मीटर लागत नाही. 'दरवर्षी असंच लावतो' म्हणणाऱ्याने एकदा, एकदाच, हात लावून बघायचा.

राहिली किटली. दोन हॅलोजनचे हजार, किटलीचे दोन हजार, ध्वनिक्षेपक वेगळा. सहाच्या बोर्डावर तेरा अँपिअरहून जास्त. मघाशी त्या उत्साही कार्यकर्त्याला मी काहीच समजावलं नाही. बटण बंद केलं आणि त्याचा हात धरून प्लगला लावला. त्याने तो झटकन मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि किटली उचलून बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या सॉकेटकडे गेला. त्या सॉकेटच्या मागे तार कितीची आहे, हे त्याने जाताना मला विचारलं. मला ते माहीत नव्हतं. उद्या सकाळी उघडून बघायचं ठरलंय. चहाला उशीर झाला असेल, तर तो त्यामुळे.